चांगल्या हाताची चूक

ऑडिशनच्या दिवशी सकाळी पडदेमामा सगळ्यांत आधी पडद्याच्या चाकांना तेल घालत. जाड तपकिरी कापडाचा, लाकडी चौकटीचा तो पडदा रंगमंचाच्या मधोमध उभा केला, की अलीकडे वाजवणारा आणि पलीकडे बसलेले पाच परीक्षक यांचं नातं उरे ते फक्त कानाचं. दारापासून वाजवणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत मामा सतरंजी अंथरत. पावलांच्या आवाजावरूनसुद्धा बाई की बुवा हे कळता कामा नये. उमेदवाराला नाव नसे, नंबर असे. त्याने तोंडही उघडायचं नाही. काही विचारायचं असेल तर मामांच्या कानात सांगायचं, आणि मामांनी ते मोठ्यानं विचारायचं. कुणाचा भाचा नि कुणाचा जावई मागच्या दारानं आत शिरू नये, म्हणून वाद्यवृंदाच्या जुन्या मंडळींनी हा रिवाज घातला होता. एकोणतीस वर्षं मामा तो पाळत आले होते.

घरी मात्र ते बाबा होते, आणि आजची नंबर सहा त्यांची लेक होती. वाजवायची ती व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली, जरा घोगऱ्या आवाजाची बहीण. ही तिची सहावी ऑडिशन. वय चौतीस, पस्तिशीनंतर अर्ज घेत नसत. म्हणजे शेवटचीच.

"अहो, तिला म्हणावं दोन घास खाऊन जा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रिकाम्या पोटी वाजवायचं म्हणजे काय!"

"आई, पोटानं नाही वाजवत कुणी."

"मग इतकी वर्षं माझं डोकं कशानं उठवलंस गं?"

लेक हसली, पण उजव्या खांद्यावरची गरम पाण्याची पिशवी तिनं काढली नाही. रोज सहा-सहा तास सराव करून तो खांदा कामातून गेला होता. दर वेळी ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचे, आणि दर वेळी एका ओळीचं पत्र येई: 'आपले वादन उल्लेखनीय होते, तथापि...' त्या 'तथापि'चा अर्थ ती स्वतःच्या हातात शोधत बसे. पहिल्या पत्रानंतर तिनं गुरू बदलले. दुसऱ्यानंतर गज धरायची पद्धत मोडून पहिल्यापासून शिकली. तिसऱ्यानंतर सरावाचे दोन तास वाढवले. नापास झालेल्या पोराकडे आई बघते, तशी ती आपल्या उजव्या हाताकडे बघे.

"बाबा, खोट माझ्या गजातच आहे," ती म्हणाली. "नाहीतर पाचही वेळा नेमकी शेवटीच माती का खाल्ली असती?"

बाबांनी कपातला चहा संपवला. त्यांना उत्तर ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं.

तेव्हा लेक तेवीस वर्षांची होती. त्या काळी शेवटच्या फेरीतही पडदा असे. पाच परीक्षक आपापल्या चिठ्ठीवर नंबर लिहीत आणि मामा त्या गोळा करून अध्यक्षांच्या हाती देत. त्या दिवशी चिठ्ठ्या गोळा करताना त्यांनी बघितलं, पाचांतल्या तिघांनी चार लिहिलं होतं. चार म्हणजे त्यांची लेक! माणसाला आनंद पेलवत नाही तो असा. चिठ्ठ्या अध्यक्षांना द्यायच्या आधीच त्यांनी एका हातानं पडदा बाजूला ढकलला आणि म्हणाले, "बघा साहेब, कोण आहे!"

साहेबांनी बघितलं. त्या वृंदात तोवर एकही बाई नव्हती.

"वाजवते छानच," अध्यक्ष हळूच म्हणाले. "पण आज वाजवेल, उद्या लग्न होईल, परवा पाळणा हलेल. खुर्ची मोकळीच. मंडळी, त्या चिठ्ठ्या परत घ्या बघू."

लेक दूर खुर्चीत बसलेली. तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. आणि पुढच्या महिन्यात नवा नियम झाला: शेवटच्या फेरीत पडदा काढावा, माणूस बघून घ्यावा. तेव्हापासून कारणं तेवढी बदलत गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी, 'अजून लग्न नाही? तऱ्हेवाईक असणार.' बत्तिसाव्या वर्षी, 'आता वय झालं.' मामा दर वेळी पडदा काढत आणि घरी येऊन सांगत, "थोडक्यात हुकलं गं, बाळा."

आजही शेवटी दोघं उरले, नंबर तीन आणि नंबर सहा. दोघांचं वाजवून झालं. लेकीनं शेवटचा सूर असा उतरवला, जसं झोपलेलं मूल कुणी खाली ठेवावं. पलीकडे कुणी खाकरलंसुद्धा नाही.

"मामा," अध्यक्ष म्हणाले, "पडदा काढा. दोघांनी पुन्हा एकदा वाजवायचं."

मामांनी पडद्याची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि ते तसेच उभे राहिले.

"मामा, ऐकू आलं ना?"

"आलं साहेब. आधी चिठ्ठ्या लिहा. मग काढतो."

"नियम ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"माझ्यामुळंच झालाय तो, साहेब." मामा मोठ्यानं बोलले. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न विचारले त्याच आवाजात. "अकरा वर्षांपूर्वी तिघांनी चार लिहिलं होतं. मी पडदा काढला आणि तुम्ही चिठ्ठ्या परत घेतल्यात. पोरगी जिंकली होती हो! तेव्हाच जिंकली होती."

पडद्याअलीकडे काहीतरी खाली पडलं. गज असावा.

अध्यक्ष उठले. चालत आले आणि त्यांनी पडद्याला हात लावला. मामांनी अंगातला सगळा जोर लावून चौकट ओढून धरली. पण सकाळी चाकांना तेल त्यांनीच घातलं होतं. पडदा मामांना घेऊन अलगद, बिनआवाज सरकला.

लेक खुर्चीत बसली होती. तिचं लक्ष परीक्षकांकडे नव्हतं. मांडीवर पालथ्या पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे ती बघत होती.

"नंबर सहा, सुरू करा," अध्यक्ष म्हणाले.

तिनं गज उचलला, पुसला आणि पेटीत ठेवला.

"तुम्ही मघाशी ऐकलंत," ती म्हणाली. त्या रंगमंचावर सहा ऑडिशनांत तिनं स्वतःच्या तोंडानं काढलेले ते पहिले शब्द. "आता नुसतं बघायचं असेल, तर बघून घ्या."

पाचांतला एकही मान वर करेना. खुर्ची नंबर तीनला मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर मामा तिच्या मागं मागं धावले.

"म्हणजे हात चांगला होता," ती म्हणाली.

"होता, बाळा."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली गं. माझ्याच हातून..."

"लाज तुमची, बाबा. आणि शिक्षा याला?" तिनं खांद्याला हात लावला. "अकरा वर्षं मी या हाताला शिव्या दिल्या."

 

मामांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. उभ्या आयुष्यात लिहिलेलं पहिलंच. 'निकाल त्यांनी फिरवला,' त्यात होतं, 'पण गप्प मी बसलो. तुमच्या घरात एखादी मुलगी स्वतःला दोष देत असेल आणि दोष कुणाचा हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिला सांगा. आजच सांगा.' पत्र छापून आलं. मग आणखी दोघींनी लिहिलं, मग पाचजणींनी. तीन वर्षांनी नियम रद्द झाला. आता निकाल जाहीर होईपर्यंत पडदा हलत नाही. त्याची चाकंच काढून टाकली आहेत. वृंदात चारजणी वाजवतात. लेकीची पस्तिशी तोवर कधीच उलटली होती.

ती घरी मुलांना शिकवते. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, म्हणून तिची वेणी रोज सकाळी बाबा घालतात. आधी वेडीवाकडी घालत, आता बरी जमते. तेवढा वेळ ते तिच्या पाठीमागं उभे असतात आणि दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. बाबांशी ती जे काही बोलते, ते तेवढ्या वेळातच.