गोपाळरावांचा दुसरा रिपोर्ट

गोपाळराव जिल्हा परिषदेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले, पण फायलींचा नाद काही सुटला नाही. जुळे सोलापुरातल्या घरी कपाटात मुलाची, आशिषची, अख्खी फाईल होती. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि त्यांच्या मागे एचआयव्हीचा रिपोर्ट. दोन वर्षांपूर्वी एका स्थळाकडच्या मामांनी तो मागितला होता. स्थळ मोडलं, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. मग तो वाया का घालवायचा? गोपाळरावांनी त्याचं लॅमिनेशन करून घेतलं, दहा झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकीवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. त्यानंतर प्रत्येक स्थळाला पत्रिकेबरोबर एक सत्यप्रत जाऊ लागली.

सात प्रती अशा गेल्या. आठवी सईच्या हातात पडली.

सई फार्मसी कॉलेजात शिकवायची. घरच्यांबरोबर ती गोपाळरावांकडे स्थळ पाहायला आली होती. पोहे संपल्यावर तिनं कागद नीट वाचला आणि म्हणाली, "काका, यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे."

"असू दे की. निगेटिव्ह आहे ना?"

"त्या दिवशी होता."

"अगं, शाळा सोडल्याचा दाखला कधी शिळा होतो का?"

"शाळा एकदाच सोडतो माणूस," सई म्हणाली. आशिषला हसू आलं, ते त्यानं चहाच्या कपात लपवलं.

सईनं मग न चिडता समजावून सांगितलं. तपासणी म्हणजे त्या दिवसाचा फोटो. फोटो काढल्यावर माणूस कुठं जातो, काय करतो, ते फोटोला कळत नाही. शिवाय लागण नवी असली तर पहिले काही आठवडे ती तपासणीत दिसतही नाही. आणि गरमी म्हणजे सिफिलिस, रक्तातून पसरणारी कावीळ अशा बाकीच्या लागणींचं तर या कागदावर नावसुद्धा नाही. "मी सगळ्या तपासण्या करते, आशिषनंही कराव्यात. बरोबरच जाऊ."

आशिषनं लगेच मान डोलावली. गोपाळरावांना मात्र लागलं. त्यांच्या शिक्क्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. पण पोरगी मनात भरली होती. आपल्याला राग आलेला नाही हे दाखवायच्या भरात ते बोलून गेले, "चला, मीपण येतो. आधी माझंच रक्त घेऊ दे!"

"तुमचं कशाला?" स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, गोदावरीबाईंचा, आवाज आला. "तुमाला कोन नवरी बघायली व्हय?"

सगळे हसले आणि त्या हसण्यातच दिवस ठरला.

लॅब सात रस्त्याजवळ होती. तिथं कीर्ती नावाची तंत्रज्ञ होती. गोपाळराव बाही वर करून सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाले. आशिष आणि सईचे चांगले होते. गोपाळरावांना मात्र कीर्तीनं आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, तुमची व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आलीय. ही गरमीची प्राथमिक तपासणी असते."

गोपाळरावांच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं.

"घाबरू नका. ही तपासणी म्हणजे फाटकावरचा शिपाई. जरा संशय आला की अडवतो. अडवलेला प्रत्येक जण चोर नसतो. वय झालं की, किंवा मोठा ताप येऊन गेला की ती उगाच रिॲक्टिव्ह येऊ शकते. ताप आला होता का?"

"मागच्या महिन्यात. चिकनगुनिया."

"मग बघा. आता टीपीएचए करू, ती पक्की तपासणी. चार दिवस लागतील. समजा आजार खरा निघाला, तरी पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो. पण तोवर मनानं काही ठरवून टाकू नका. थांबा."

गोपाळराव मान डोलावत होते, पण ऐकत नव्हते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच गोष्ट मानली होती. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावर असतं तेच खरं. आणि कागदावर रिॲक्टिव्ह लिहिलं होतं, खाली सहीसकट.

शिवाय विश्वास ठेवायला त्यांच्याकडे आणखी एक कारण होतं.

तीस वर्षांपूर्वी त्यांची बदली जेऊरला झाली होती. गोदावरी आशिषच्या वेळी बाळंतपणाला माहेरी, वळसंगला गेलेली. गोपाळराव स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत एकटे. त्या चार महिन्यांत त्यांचा पाय दोनदा घसरला. कुणाला कळलं नाही. पुढं बदली झाली आणि जेऊरचं जेऊरला राहिलं, असं ते धरून चालले होते.

आता त्यांना दुसरंच आठवायला लागलं. आशिषनंतर गोदावरीचं एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नव्हतं. गोपाळराव रात्रंदिवस तेच घोकत राहिले. आपल्यामुळे तर नव्हे? आणि तिच्याही रक्तात आपण हे घातलं असेल तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी गोदावरीबाई सुपात ज्वारी निवडत होत्या. गोपाळराव समोर जाऊन बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. जेऊर, ते दोन प्रसंग, कीर्तीचा कागद, ते गेलेलं लेकरू, सगळं.

सुपातला हात थांबला.

"आनि काय?"

"एवढंच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खडे वेचू लागल्या.

गोपाळराव रडण्याला तयार होते, भांडणालाही तयार होते. या 'बरं'चं काय करायचं ते त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीबाई ठेवणीतली साडी नेसून एकट्याच लॅबमध्ये गेल्या आणि "माझंबी रक्त घ्या, बाई," म्हणून कीर्तीसमोर बसल्या.

संध्याकाळी दोघांचेही रिपोर्ट तयार होते. गोपाळराव ते आणायला गेले. कीर्ती हसत होती. "काका, पक्की तपासणी निगेटिव्ह आली. तुम्हाला हा आजार नाही. काकूंचंही सगळं चांगलं आहे. थांबा म्हटलं होतं की नाही?"

गोपाळराव पाखरासारखे घरी आले. "गोदे, बघ! तुला माझ्यापासून काही झालं नाही. आपलं ते लेकरूही माझ्यामुळे गेलं नाही गं! काहीच नव्हतं!"

गोदावरीबाईंनी चष्मा लावला. दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत वाचले. लेकराचं ऐकून त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पदरानं पुसले.

"काहीच न्हवतं?"

"काहीच!"

"मग जेऊरला कोन हुतं?"

गोपाळरावांचा हात कागदासकट हवेतच राहिला. तापाच्या भ्रमात काहीतरी बडबडलो म्हणावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण समोर तीस-बत्तीस वर्षांची ओळख बसली होती.

"त्या पोरीनं थांबा म्हनून सांगितलं हुतं व्हय?"

"हो."

"थांबला असता तर मला कळलंच नसतं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "ते बरं झालं असतं का वाईट, माझं मलाच कळंना झालंय."

आशिष आणि सईचं लग्न ठरलं. मुलांना काही सांगायचं नाही, एवढं एक गोदावरीबाईंनी नवऱ्याला बजावलं. माहेरी गेल्या नाहीत, अबोला धरला नाही. फक्त रोज सकाळी चहाच्या वेळी एक प्रश्न विचारायच्या, एकच. पहिल्या दिवशी विचारलं, तुमच्या खोलीतनं गाड्या दिसायच्या का? दुसऱ्या दिवशी विचारलं, मुलगा झाला म्हणून वळसंगहून तार आली, ती त्याच्या आधी आली का नंतर? गोपाळरावांनी खरं सांगितलं. त्या दोन वेळांच्या मधे आली, म्हणाले. त्या दिवशी चहा तसाच निवला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "नाव काय हुतं तिचं?"

गोपाळरावांनी डोळे मिटून पाहिलं. खोली आठवली, दाराची निळी कडी आठवली. नाव आठवेना.

"आठवत नाही गं."

"खरंच?"

"शपथ."

गोदावरीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रक्त देऊन हे सिद्ध होत असतं, तर गोपाळरावांनी तेव्हाच्या तेव्हा बाही वर केली असती.

"आठवलं की सांगा," त्या कप उचलत म्हणाल्या. "मला घाई न्हाय."