मुठीतला कापूस

कुंदन सुताराने मूठ जराशी पिळली, तशी ती गळाच्या काठीवरून अलगद निघून त्याच्या हातात आली. आत कापूस होता. थरावर थर बसलेला, काळपट, नदीच्या गाळाचा वास असलेला.

"काकू, हा कोनं कोंबला?"

"मले काय माईत बापा," कौशल्या म्हणाली. "हालते म्हनून आनली. तू पक्की करून दे."

कुंदनने खिळ्याने उकरून तो बोळा काढला आणि भुशात टाकला. मग विळ्याची मूठ बसवतात तशी लाख वितळवून मुठीच्या पोटात ओतली, काठी दाबून बसवली आणि वर दोन ठोकेही दिले.

"आता जलमभर हालत नाई, काकू."

तिवशाहून परतताना ऑटोत कौशल्येने ती काठी मांडीवर आडवी धरली होती. काठीचा शेंडा बाहेर वाऱ्यावर डुलत होता, आणि दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस पांढराशुभ्र पसरला होता. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

तिच्या नवऱ्याचा, भगवंतरावांचा गळ हा घरातला जुना विनोद होता. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळी वर्ज्य, आणि हा गृहस्थ वीस वर्षं दर रविवारी वर्धा नदीच्या काठावर गळ टाकून बसायचा. मासे सगळे सहदेवच्या घरी जायचे. सहदेव म्हणजे शेताच्या धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी. "पाप आपल्या नावावर अन् रस्सा त्याच्या ताटात," असं कौशल्या म्हणायची, आणि ते दोघे म्हातारे पोरांसारखे हसत निघून जायचे.

पोळ्यानंतर सहदेव गेला. बसल्या जागी, हातात चहाचा कप असताना. तेव्हापासून काठी ओसरीतल्या खुंटीला होती आणि भगवंतराव बाजेवर. पहाटे उठायचे, नदीच्या अंगाला तोंड करून बसायचे. चहा निवून जायचा. घरात असून माणूस घरात नव्हता, आणि कौशल्येला त्याचीच भीती वाटायची. हाही असाच बसल्या बसल्या हातून निसटला तर?

"नदीवर जाऊन या ना," ती म्हणायची.

"मूठ हालते," ते म्हणायचे.

म्हणून तर ती तिवशाला गेली होती.

भगवंतरावांनी काठी हातात घेतली. मूठ पिळून पाहिली. एकदा, दोनदा. ती हलली नाही.

"बरं झालं," ते म्हणाले आणि काठी परत खुंटीला लावली.

रविवार आला आणि गेला. आता मूठ हलते असंही ते म्हणेनात. काहीच म्हणेनात.

शेवटी त्यांची गळाची पिशवी तरी उन्हात टाकावी म्हणून कौशल्येने ती झटकली, तेव्हा आतून पत्र्याची एक चपटी डबी पडली. डबी यांची नव्हती. उघडली, तर आत सरकी काढलेला, बोटांनी पिंजलेला स्वच्छ कापूस. ती डबी घेऊन ती सहदेवच्या घरी गेली.

सहदेवच्या बायकोने, पार्बताबाईने डबी ओळखली आणि पदराने पुसली.

"त्याईचीच हाय हे. दर आयतवारी कापूस पिंजून भरत. भगवंताची मूठ बसवा लागते म्हनत. ओला कापूस फुगते, तवरिक मूठ घट्ट. वाळला का पुन्हा ढिली."

"मंग सुताराले काऊन नाई दिली?"

"मी बी तेच म्हनलं होतं," पार्बताबाई म्हणाली. "तं म्हने, मंग भगवंता माह्या हातात काठी कायले देईन?"

 कौशल्येला सुताराच्या भुशात पडलेला तो काळपट बोळा दिसत राहिला. वीस वर्षांचे रविवार होते त्यात, आणि आपण ते उकरून टाकून आलो. डबी परत करायला ती गेली होती, पण पार्बताबाईनेच ती तिच्या हातात मिटवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी तापल्यावर तिने चुलीतले निखारे पुढे ओढले आणि मूठ त्यांच्यावर धरली. लाख हळूहळू मऊ झाली, वास परसभर पसरला. बोटं पोळली, तरी तिने मूठ पिळत पिळत काढलीच. मग आतून खरवडून, नुसती अडकवून, काठी जागच्या जागी ठेवली.

भगवंतराव ओसरीत आले. वास घेतला. खुंटीकडे पाहिलं, मग तिच्या काळ्या झालेल्या बोटांकडे. तसेच बाजेवर जाऊन बसले, पण त्या दिवशी चहा गरम असतानाच प्याले.

रविवारी पहाटे ते काठी घेऊन अंगणात उभे होते.

"मी बी येतो," कौशल्या म्हणाली. त्यांनी नाही म्हटलं नाही.

नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ नव्हताच. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचे होऊन गेले होते आणि त्यात एक बगळा, कशावर उभा आहे ते कळू नये असा, उभा होता. मध्येच पाण्यात काहीतरी वळायचं, वर्तुळं काठापर्यंत येऊन विरायची. कौशल्येला वाटलं, इथं माणूस मेला काय अन् जिता काय, बसायला येतच असेल. ती नवऱ्याच्या डाव्या बाजूच्या चपट्या दगडावर बसली. दगड मध्ये घासून गुळगुळीत झालेला होता.

बराच वेळ भगवंतराव नुसते बसून होते. मग पाण्यावरची नजर न काढता त्यांनी काठी डावीकडे केली.

"पाह्य बरं. हालून राह्यली."

कौशल्येने डबी उघडली. रोज देवापुढे लावायच्या वाती वळलेली तिची बोटं. कापसाला काय करायचं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. तिने पीळ दिला, नदीच्या पाण्यात बुडवला, काठीच्या बुडाला गुंडाळला आणि वरून मूठ दाबून बसवली.

त्यांनी मूठ पिळून पाहिली.

"झाली घट्ट?"

"आजच्यापुरती," भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी गळ पाण्यात टाकला.