पळीवरचा आरसा

"आजच्या दिवस मला पुढे घ्या, तात्या. काल दूध परत आलंय."

"वहिनी, नियम म्हणजे नियम. आज तुम्हाला पुढे घेतलं तर उद्या सगळेच पुढे येतील."

सगळेच पुढे आले तर मागे कोण राहील, हे कुणी विचारलं नाही. आम्ही अकरा जण झाडाखाली मोटारसायकली टेकवून उभे होतो. दोनशे पावलांवर डेअरीचं गेट. अकरा गाड्या, बावीस कॅन आणि आरसा एक.

त्याचं असं झालं. कुठल्याशा खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा आमच्या गावानं एकदम अकरा उचलल्या. लिलावाआधीच त्यांचे आरसे कुणीतरी काढून नेले होते. एक तेवढा विसरला, तो तात्यांच्या गाडीला. पुढे डेअरीच्या आवारात टँकर मागे घेताना एक माणूस चेंगरता चेंगरता वाचला. टँकरला दोन आरसे होते. म्हणून नियम निघाला, की उजव्या बाजूला आरसा नसलेली मोटारसायकल आत सोडायची नाही.

तेव्हापासून झाडाखाली आरसा बसवायचा, आत जायचं, कॅन रिकामे करायचे आणि बाहेर येऊन आरसा पुढच्याच्या हातात द्यायचा. गेटवाल्याला सगळं दिसत होतं. पण आरसा गाडीवर असावा एवढंच नियमात होतं, कुणाचा असावा ते नव्हतं. तसंही त्या आरशात स्वतःच्या कॅनशिवाय काही दिसायचं नाही.

नंबर वयानं लावलेले. वहिनी नंतर आली म्हणून शेवटची. तिच्या नवऱ्याला गाव सायलेन्सर म्हणायचं, कारण त्याचा आवाज कधी बंद नसे. तो गंजीवरून पडला, कंबर मोडून अंथरुणाला खिळला आणि गाडीचं हँडल वहिनीच्या हातात आलं. मी दहावा. दहाव्याला एक सुख असतं, मागे कुणीतरी असतं. त्यामुळे वहिनी बोलत होती तेव्हा मी झाडाचा शेंडा बघत होतो.

त्या दिवशीही तिचा नंबर येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि दूध फाटलं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा परत आलं की डेअरीचं कार्ड बंद. दोन म्हशी आणि अंथरुणावरचा नवरा असलेल्या घरात कार्ड बंद म्हणजे चूल बंद.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं दूध घरीच विरजलं आणि गाडी काढून बाजाराच्या गावी मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्रीनं नवा आरसा लावून बघितला, काढून ठेवला. "नाही बसायचा. या गाडीच्या उजवीकडच्या स्क्रूची आटी उलटी असते. डावीकडे पिळली की आवळते. असले आरसे आता येत नाहीत."

"मग मिळतील कुठे?"

"लिलावाआधी ज्यांनी काढले, त्यांच्या घरी."

"त्यांच्या गाड्यांना बसतात?"

"नाही बसत. पण काढले."

भंगारवाल्याकडे दुपार गेली. तिथे त्या गाडीचं सगळं होतं, आरसा नव्हता. संध्याकाळी घरी येऊन तिनं खिळ्यावरचा नवऱ्याच्या दाढीचा गोल आरसा उतरवला.

"अगं, तो माझा आहे! मी दाढी कशात करू?"

"नका करू. तेवढीच मिशांना सोबत."

"लोक काय म्हणतील?"

"लोक येतात कुठे तुम्हाला बघायला? तुमचं ऐकावं लागतं म्हणून वाट वाकडी करून जातात."

मग स्वयंपाकघरातली मोठी पितळी पळी घेऊन ती लोहाराकडे गेली. आरसा पळीच्या वाटीत बसवायचा आणि दांडा पट्टी मारून हँडलला आवळायचा. आटीचा प्रश्नच नाही.

"वहिनी, चांगली पळी मोडताय," लोहार म्हणाला.

"नासलेलं दूध ढवळायलाच लागत होती. आता नासणार नाही."

सकाळी ती झाडाखाली थांबलीच नाही. आमच्यासमोरून थेट गेटावर. आम्ही बघायला मागोमाग पळालो. गेटवाल्यानं काठी आडवी घातली.

"ही पळी आहे."

"पळीवर आरसा आहे. दांडा कशाचा हवा, ते लिहिलंय का तुमच्या नियमात?"

गेटवाल्यानं वही चाळली. लिहिलेलं नव्हतं. त्यानं साहेबाला बोलावलं. साहेब वाकला, आरशात बघितलं, कपाळावरचे चार केस जागच्या जागी बसवले आणि म्हणाला, "स्वच्छ आहे. सोडा."

वहिनीचं दूध त्या दिवशी पहिलं मापाला लागलं.

आम्ही पोट धरून हसलो. तिला पळीवाली म्हणायला लागलो. तात्या म्हणाले, "बाईमाणसाला शोभतं. आपण काय गाडीला भांडी टांगायची?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, जरा जास्तच.

पण आता दहाव्याच्या मागे कुणी नव्हतं. आणि उन्हाळा काही आमच्या नियमानं चालत नाही. महिनाभरात ऊन असं तापलं की अकराव्या नंबरावर नासणारं दूध दहाव्यावरच नासायला लागलं. सोमवारी माझे दोन्ही कॅन परत आले, बुधवारी पुन्हा.

गुरुवारी मी म्हणालो, "तात्या, आजच्या दिवस मला पुढे घ्या."

तात्यांनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको. बाकीचे आठ जण झाडाचा शेंडा बघत होते. तिकडे बघण्यासारखं काही नसतं, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात वहिनीची गाडी आली. रोज भरधाव जायची, आज माझ्या थोडं पुढे जाऊन थांबली. तिनं मान वळवली नाही. पळी जराशी वळवली आणि आरशात बघून बोलली,

"दोनदा परत आलं म्हणे?"

"हो, वहिनी."

"तिसऱ्यांदा काय होतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिनं पदरानं आरसा पुसला.

"इतके महिने तुमच्या मागे उभी राहिले, भाऊजी, पण पाठच दिसायची. तोंड आज दिसलं."

आणि तिनं गाडी पुढे काढली. आरशात मी तिला बराच वेळ दिसलो असेन. गेटापर्यंत रस्ता सरळ आहे.