चोवीसच्या वर नाही

शुभांगीने चाचणीच्या कागदावर ‘नापास’ लिहून खाली सही केली, तेव्हा भिका टेम्पो घेऊन गेटवर उभा होता. अंबडच्या त्या छोट्या कारखान्यातून द्राक्षांच्या शीतगृहाचा कंट्रोलर त्या दिवशी दिंडोरीला जायचा होता. साल २००६, हंगाम तोंडावर आलेला. तपासणाऱ्याच्या सहीशिवाय पेटी हलत नसे, आणि तपासणारी शुभांगी सात महिन्यांपूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली.

कंट्रोलरचा प्रोग्रॅम तिचे वरिष्ठ शेखर सर यांनी सी भाषेत लिहिला होता. खोलीत तापमानाचे जितके सेन्सर, तितक्याच लांबीचा ॲरे, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांची रांग, ऐनवेळी स्टॅकवर, म्हणजे चिपच्या कामचलाऊ जागेत, मांडायचा, ही त्यांची युक्ती. नव्या कंपायलरला ते चालत होतं. आठ सेन्सर असतील तर आठांपुरतीच जागा, उगाच अडवून ठेवायची नाही. चिपमध्ये जागा ती केवढी, दोन किलोबाइट.

नकाशावर आठच सेन्सर होते. शुभांगीचं म्हणणं, नकाशा काढणाऱ्याने शीतगृह आतून पाहिलेलं नाही. तिचे वडील गोटीराम दिंडोरीचेच बागाइतदार. तिथे कोणी दुसऱ्याच्या सेन्सरवर विश्वास ठेवत नाही. जो तो आपल्या क्रेटच्या थप्पीत आपली वायर खोचून घेतो, आणि ऑपरेटर मुकाट्याने यंत्रातला सेन्सरचा आकडा वाढवत जातो. गेल्या हंगामात जुन्या यंत्रावर तिने एकतीस मोजल्या होत्या.

म्हणून सही करण्याआधी तिने चाचणीच्या टेबलावर आकडा एकतीस केला होता. पडदा गोठला. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले चालू होता तो चालूच राहिला. ॲरेने स्टॅकची हद्द ओलांडून शेजारचं सगळं पुसून टाकलं होतं. शीतगृहात हे झालं असतं तर मणी बर्फासारखे कडक झाले असते.

सर आले, कागद वाचला. मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकू, सोळाच्या वर लावू नका, असं त्यांनी सुचवलं. मॅन्युअल पेटीतून कोणी बाहेरही काढत नाही, असं ती म्हणाली. मग ते चिडले.

“बागाइतदाराची पोर तू. छाटणी शिकव, मला सी नको शिकवूस.”

“बागेतली आहे म्हणूनच सांगते, सर. हा ॲरे जागा मागतो, पण मिळाली का ते विचारत नाही. विचारायची सोयच नाही त्यात.”

“आणि तुझ्या पद्धतीने?”

“चोवीसची ठरलेली जागा, स्टॅकच्या बाहेर. मावत नसेल तर प्रोग्रॅम इथेच अडेल, या टेबलावर. पंचविसावा लावला तर यंत्र नाही म्हणेल आणि चोवीस सांभाळत राहील.”

“आठांसाठी चोवीसची जागा अडवायची? उधळपट्टी आहे ही.”

“आहे. दिसते तरी.”

बाहेर भिकाने हॉर्न वाजवला. सरांनी घड्याळ पाहिलं. एक तर कागद बदल, नाही तर सोमवारपासून सर्व्हिसला जा, सुरगाण्यापासून मनमाडपर्यंत पंप दुरुस्त करत फीर, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

शुभांगीने कोरा कागद काढला आणि पेनसकट त्यांच्यासमोर सरकवला.

“जाईन. पण नापासचं पास मी करणार नाही. यावर तुम्ही तपासणाऱ्याची सही करा आणि पेटी न्या.”

सरांनी पेन उचललं. गोठलेल्या पडद्याकडे पाहिलं. रिलेचा दिवा अजून लागलेला होता. त्यांनी हात पुढे करून यंत्राचं बटण बंद केलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

“भिकाला सांग, आज माल नाही,” ते म्हणाले. “आणि सोमवारचं मी म्हणालो ते म्हणालोच.”

“ठीक आहे.”

ती गेटवर जाऊन सांगून आली. मग सरांच्याच खुर्चीवर बसली, प्रोग्रॅममधली ॲरेची ओळ शोधली, खोडली आणि चोवीस लिहिलं.