फाटकाजवळचा हौद

ताईंचा एक नेम होता. कळपातल्या शेवटच्या घोड्याने पाण्याला तोंड लावल्याशिवाय आपण सकाळचा चहा घ्यायचा नाही. हा नेम कुणी सांगितलेला नव्हता. वडिलांनी कुरण हाती सोपवलं त्या दिवशी त्यांनी तो मनाशी धरला, आणि ताप असो की पाहुणे, मोडला नाही. धाकटा भाऊ यावर यथेच्छ तोंडसुख घ्यायचा. "पाणी पितात घोडे आणि पुण्य हिला," असं म्हणायचा आणि चहा पुन्हा शेगडीवर चढवायचा.

कुरणात दुसऱ्यांचे घोडे मुक्कामाला असत. मालक शहरात, घोडे इथे. त्यांचं चारापाणी, खूर, दुखणंखुपणं ही दोघं भावंडं बघत. त्यांची स्वतःची म्हणाल तर एकच, आजीबाई. दात झिजलेली, पाठ खोलगट झालेली तांबूस घोडी. हौदावर ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी येई, सावकाश पिई, आणि ओलं तोंड ताईंच्या खांद्याला पुसून निघून जाई. मग ताई चहा घेत.

कापूस आला आणि हा चहा लांबायला लागला.

कापूस म्हणजे पांढराशुभ्र, दांडगा घोडा. शिंगरू होता तेव्हा कापसाच्या बोळ्यासारखा दिसे म्हणून मालकिणीने ठेवलेलं नाव. ती बाई गेली आणि घोडा तिच्या नवऱ्याच्या गळ्यात पडला. नवरा जन्मभर शिलाई मशीनवर बसलेला. सगळे त्यांना टेलरकाका म्हणत. काकांनी कापसाला इथे आणून सोडला, रोज फाटकापर्यंत येऊन ते त्याला बघून जात, आणि पंधरवडा उलटायच्या आत सगळा कळप त्याच्या कानांच्या इशाऱ्यावर नाचू लागला. कान मागे पडले की बाकीचे बाजूला. "कानामागून आला आणि तिखट झाला," भाऊ म्हणाला.

ताईंना त्याचं नवल नव्हतं. कळप म्हटला की कुणीतरी वरचढ असायचाच. त्यांनी घोड्यांपेक्षा चाऱ्याचा एक ढीग जास्त घातला, ढीग लांब लांब ठेवले, म्हणजे हाकललेल्याला दुसरीकडे तोंड घालता येईल. ते जमलं. पाण्याचं मात्र जमेना. हौद सिमेंटचा, फाटकाला लागून, पाइप तिथवरच आलेला. आणि कापूस दिवसभर फाटकाशी उभा. तरणे घोडे त्याला चुकवून घोटभर पिऊन पळत. आजीबाई लांबूनच बघून माघारी फिरे, आणि तो जरा हलला तर दुपारी कधीतरी घोटभर पिई. झाडाखाली एक टब भरून ठेवला, तर पोरवयाच्या घोड्यांनी दुपारच्या आत उलटा केला.

एके सकाळी ताई उन्हं चढली तरी हौदापाशी उभ्या होत्या. भाऊ आला.

"ताई, चल. पाजलं मी तिला बादलीनं, शेडमागे."

"ते नेमात बसत नाही."

"पाणी ते पाणी! बादलीतलं काय निराळं असतं?"

"पाणी तेच रे. पण आज तू आहेस बादली घेऊन, उद्या नसशील. तिला आपल्या पायानं इथवर येता आलं पाहिजे."

भावाने कपाळाला हात लावला. बादली मात्र चालू ठेवली. आणि तरीही व्हायचं ते झालंच. भाऊ दिवसभर बाहेर गेला होता, ताई पलीकडच्या कुंपणाच्या कामात होत्या, आणि संध्याकाळी आजीबाई जमिनीवर पडून पोटाकडे वळून वळून बघताना सापडली. जनावरांचे डॉक्टर आले, नळी घातली, औषध दिलं, तिला हळूहळू चालवायला लावलं.

"पाणी कमी पडलंय हिला," हात पुसत ते म्हणाले. "या वयात असं पुन्हा झालं, तर मी येऊनही काही करू शकणार नाही."

भाऊ तिथल्या तिथे म्हणाला, "उद्याच्या उद्या त्या पांढऱ्याला घेऊन जायला सांग. बळी तो कान पिळी, ते आपल्या कुरणात नको."

टेलरकाका दुसऱ्या दिवशी आले ते असे, की जणू त्यांनाच कुणी घरातून काढलं आहे. टोपी हातात घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले.

"कुठे नेऊ त्याला, ताई? शहरात एक तबेला आहे. चार भिंती आणि वर झरोका. ती म्हणायची, याला एकटं ठेवू नका हो, माणसापेक्षा वाईट झुरतो. जाताना माझ्याकडून तेवढंच एक वचन घेतलं तिनं. दागिन्यांचं नाही, घराचं नाही."

भाऊ काही बोलणार होता, पण ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मला आठवडाभर द्या," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते दोघांनाही कळलं नाही.

त्या दुपारी त्या पालथ्या बादलीवर बसून राहिल्या. मनात देवाचं नाव आणि डोळे कापसावर. दूर झाडाखाली कापूस चरता चरता आजीबाईपाशी गेला. ताई अर्ध्या उठल्या. पण त्याने तिच्या मानेमागे दातांनी हळूच खाजवलं, तिनेही त्याची मान खाजवली, आणि बराच वेळ दोघं एकमेकांची आयाळ विंचरत असल्यासारखी उभी राहिली.

मग हा राक्षस फाटकाशीच का होतो? घोडं पेंड खातंय तरी कुठे?

तेवढ्यात रस्त्यावर टेलरकाका दिसले. रोजच्यासारखे, जमेल त्या वेळी येणारे. कापसाने मान वर केली आणि धावत सुटला. हौदावर दोघे पीत होते, त्यांना चावा दाखवून उधळलं, एकाला लाथ झाडली, आणि फाटकावरून मान बाहेर काढली. काकांनी खिशातून गाजर काढलं.

"बघा ताई," ते कौतुकाने म्हणाले, "माझ्यासाठी कसा सगळ्यांना बाजूला सारून येतो!"

ताई उठून आल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"काका, तुमच्यासाठी नव्हे, गाजरासाठी. तुम्ही कधी याल त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो दिवसभर इथे राखण करतो. त्याच्या राखणीत आमचा हौद सापडलाय."

दुसऱ्या गाजरासाठी गेलेला काकांचा हात खिशातच राहिला.

"मग... देऊ नको?"

"द्या की. पण फाटकावरून नको. आत या, त्याच्या तोंडाला दोरीची म्होरकी घाला, मागच्या अंगणात न्या, आणि तिथे घमेल्यातून द्या. कळपाच्या डोळ्यांआड."

काका पायांकडे बघू लागले. आज चप्पल धड नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पँट इस्त्रीची होती. तिसऱ्या दिवशी गुडघा. आणि गाजर मिळेनासं झालं तसा कापूस जास्तच चवताळला. फाटकावर खूर आपटायचा, हौदाकडे कुणाची सावली पडली तरी अंगावर जायचा. भाऊ आता दोनदोनदा बादली नेत होता.

"औषधानं रोग वाढला," तो म्हणाला. "आठवडा संपत आला, ताई."

"आधी जोर करतो, मग सोडतो," ताई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची खात्री नव्हती. त्या दिवशी त्यांनी चहाच घेतला नाही.

काका फाटकाशी आले तेव्हा ताईंनी विचारलं, "आज काय, काका? टोपी?"

काका हसले नाहीत. गजाला धरून खालच्या आवाजात म्हणाले, "मला भीती वाटते हो घोड्याची. पहिल्यापासून. ती बसायची, मी कुंपणाबाहेरून टाळ्या वाजवायचो. तिला कधी कळू दिलं नाही."

"कळलं असेल," ताई म्हणाल्या. "म्हणूनच तर वचन घेतलं. घाबरत नसता तर मागायची गरज काय?"

काका डोळे टिपून म्हणाले, "सुई पहिल्यांदा बोटात घुसली तेव्हाही पळालो होतो मी."

"आणि मग?"

"मग काय? गिऱ्हाईक उभं होतं."

"इथेही उभं आहे," ताईंनी लांब झाडाखालच्या आजीबाईकडे बोट दाखवलं.

काका आत आले. ताई त्यांच्या एक पाऊल मागे. "तोंडासमोरून नको, खांद्याकडून जा. हात खाली. काहीतरी बोलत राहा." काका कापड बेतल्यासारखे पुटपुटत होते, "छाती बेचाळीस, बाही चोवीस..." कापसाने एक कान त्यांच्याकडे वळवला. मग दुसरा. काकांनी म्होरकी चढवली, उलटी. ताईंनी सरळ केली. कापूस खुशाल मान खाली घालून त्यांच्या मागे मागे चालू लागला, आणि काकांचा चेहरा असा झाला, की बादली घेऊन निघालेला भाऊही टोमणा विसरून बघत राहिला.

अंगणात घमेल्यात गाजरं पडली. इकडे फाटक मोकळं झालं, पण आजीबाई जागची हलली नाही.

पुढचे दिवस तसेच गेले. काका येत, आत जात, कापसाला मागे नेत. कापूस काही संत झाला नाही. चाऱ्याचा पहिला ढीग आजही त्याचाच. पण फाटकावर काही मिळत नाही, हे त्याला हळूहळू पटलं. राखण सुटली. आठवडा कधी संपला, भावाने विचारलंच नाही.

मग एका सकाळी ताई हौदापाशी उभ्या असताना कापूस लांब सावलीत डुलक्या काढत होता. आजीबाई निघाली. मध्येच थांबली, त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळा उघडला आणि मिटला. ती हौदाशी आली, तोंड बुडवलं, आणि घशाखालून घोट उतरताना दिसू लागले, एकामागून एक. पिऊन झाल्यावर तिने ओलं तोंड ताईंच्या खांद्याला पुसलं.

भाऊ पायरीवरून ओरडला, "चहा गार झालाय! गरम करतो, थांब."

"राहू दे," ताई पदराने खांदा न पुसताच म्हणाल्या. "तसाच दे."