पायलीतल्या वीस चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तुमसरच्या एका लोहाराने पत्रा वाकवून मला घडवलं. एकोडीच्या यादोरावांच्या अंगणात मी धान मोजायची. 'यादोरावाची पायली खोटं बोलत नाही,' असं लोक म्हणत. पुढे वजनकाटे आले आणि माझ्यात खिळे आणि मोडका विळा राहू लागले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीने, रुचिताने, मला घासून लख्ख केलं. ती साकोलीच्या कॉलेजात धानाच्या वाणांचा अभ्यास करते. गावातल्या सहा वाणांची कुसळ, सालीचा रंग अशी वीस लक्षणं नोंदवून तिने त्यांच्या नात्याचं झाड मांडलं होतं. त्यात यादोरावांचं आणि शेजारच्या कौशल्याबाईंचं धान एकाच फांदीवर आलं. यादोरावांच्या दिवंगत पत्नी धुरपताबाई जन्मभर हेच सांगत, की ही दोन धानं बहिणी आहेत. पण फांदी पक्की ठरल्याशिवाय रुचिता कॉलेजच्या प्रदर्शनातल्या आपल्या फलकावर तसं लिहिणार नव्हती.

तपासणी लॅपटॉपने एकट्यानेही केली असती. पण आजोबांच्या डोळ्यांसमोर व्हावी म्हणून तिने वीस लक्षणांच्या वीस चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या. आजोबांनी एक काढायची, तिच्यावरचा आकडा सांगायचा, परत टाकायची, असं वीसदा. मग काही लक्षणं दोनदा येतात, काही येतच नाहीत. आली तेवढ्यांवरून नवं झाड मांडायचं. अशा शंभर झाडांपैकी किती झाडांत ती फांदी टिकते, ते पाहायचं.

पहिल्या सकाळी तीस झाडं झाली. तिसांतही फांदी टिकली. यादोराव खुशीत होते. रुचिता मात्र थबकली.

"आबाजी, सगळ्याच फांद्या तीसच्या तीस वेळा? असं होत नाही. चिठ्ठी परत टाकून राहिले ना?"

यादोरावांनी शेजारचं सूप दाखवलं. चिठ्ठ्या त्यात होत्या. "मोजलेलं धान पायलीत परत टाकत नाही बाई. बरकत जाते."

"म्हणजे दर खेपेले त्याच वीस चिठ्ठ्या. मंग झाड बदलंल कसं?"

बघायला आलेल्या कौशल्याबाई हसून हसून खाली बसल्या. "भाऊजी, तुमच्या बरकतीनं पोरीचं कॉलेज बुडवलं असतं."

तीसही झाडं रद्द झाली. यादोरावांचा चेहरा उतरला, पण चिठ्ठी परत टाकायला त्यांचा हात आता चुकला नाही. तिसऱ्या सकाळी शंभर झाडं पुरी झाली. दुसरी एक फांदी एकेचाळीसवर घसरली होती. बहिणींची फांदी त्र्याऐंशीवर उभी होती.

"शंभराचे त्र्याऐंशी झाले," यादोराव हळूच म्हणाले.

"शंभर तर कोणीबी सांगते," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्र्याऐंशी म्हणजे पोरीनं खरंच मोजलं. धुरपता असती तर आज दोन्ही धानांचा भात एका गंजात शिजवला असता."

त्या दुपारी तो एकाच पातेल्यात शिजला. तांदूळ मीच मापला. फलकावर 'बहिणी' लिहिलं गेलं आणि त्याखाली त्र्याऐंशीचा आकडाही.

मित्रांनो, जुनी मापं फेकू नका, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबूही नका. माझ्यात चुकीची नोंद टाकलीत, तर मी शंभरदा तीच चूक परत देईन. नीट पाहून भरा. बाकी माझ्यावर सोडा.