एकशे सतरा नंबरचा नर

माझ्यासमोर कुणी व्याकरणाच्या गप्पा मारू लागलं की माझं डोकं सणकतं. का, ते सांगते.

हैदराबादच्या आमच्या संग्रहालयात पक्ष्यांच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. माझ्याआधी त्या अब्बांकडे होत्या. अकरा कपाटांतले कापूस भरलेले पक्षी माझ्या आजोबांच्या, बुऱ्हान मियाँच्या हातचे. ते एका नवाबाच्या पदरी मीरशिकार होते. शिकारी पक्षी पकडायचे, त्यांना हातावर बसायला शिकवायचं, आणि पक्षी मेलाच तर साफ करून, कापूस भरून पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर नंबर, नाव, तारीख, सगळं उर्दूत. अक्षर असं की अजून बघत राहावं.

कासुला शर्वाणी ही वरंगळची पोर अडीच वर्षं माझ्या खोलीत बसून ते पक्षी मोजत होती. नर मोठा की मादी मोठी, आणि तसं का झालं, हा तिचा अभ्यास. हरणांत, माकडांत नर थोराड. शिकारी पक्ष्यांत उलटं. बाशाच घ्या, चिमण्या-पारव्यांवर झडप घालणारा. त्याची मादी नराच्या जवळजवळ दुप्पट भरते. सगळीकडे हेच, फक्त आमच्या कपाटांत नर दांडगे आणि माद्या किडमिड्या. संग्रहालयाचं इंग्रजी रजिस्टर तसं म्हणत होतं. त्या रजिस्टरवर प्रोफेसर यादगिरी रावांनी नाव कमावलं होतं. दख्खनच्या हवेत निसर्गाचा नियम फिरतो, असा त्यांचा सिद्धान्त. हे पक्षी इथे थंडीपुरते पाहुणे, पण साहेबांना कोण विचारणार?

शर्वाणीने विचारलं. परवाना काढून तिने जिवंत बाशे पकडले, रक्ताचा थेंब घेऊन नर-मादी तपासलं, मोजले, सोडले. मादी मोठी निघाली. राव साहेब तिचे मार्गदर्शक. ते म्हणाले, तुझं मोजणं चुकलंय, तो भाग काढून टाक, नाहीतर मी सही करणार नाही. मंगळवारी समिती बसणार होती. सही नाही म्हणजे पदवी नाही, अडीच वर्षं पाण्यात.

सोमवारी ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. डबा उघडलाच नाही. मी म्हटलं, पिसांवरून नाही का कळत? तर नाही. आजोबांची माणसं शिकवायला सोपी म्हणून पहिल्या वर्षाचीच पाखरं धरायची, आणि त्या वयात नर-मादी दोघं सारखेच तपकिरी. पायाच्या कातडीचा कण कापून तपासता आला असता, पण संग्रहाला कात्री लावायची नाही, असा साहेबांचा हुकूम.

"आपा, या चिठ्ठ्यांवर नेमकं काय लिहिलंय?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. दांडग्यांवर बाशा, लहानांवर बाशीन.

"म्हणजे बाशा नर आणि बाशीन मादी. वाघ-वाघीण असतं तसं."

"कुणी सांगितलं?" मी म्हटलं. "आमच्यात बाशा म्हणजे मादी. शिकार ती करते, म्हणून खरं नाव तिचं. बाशीन म्हणजे तिचा तो बारका नवरा."

पोरीने लगेच मापांची वही पुढे ओढली. आणि मला एकदम ती दुपार आठवली.

चाळीस वर्षांपूर्वीची. मी सोळा वर्षांची, अब्बांचा डबा घेऊन आले होते. तरुण राव साहेब रजिस्टर लिहीत होते. त्यांना उर्दूचा गंध नाही, म्हणून मला समोर बसवलं. मी चिठ्ठ्या वाचायच्या, त्यांनी इंग्रजीत उतरवायचं. मध्येच मी म्हटलं होतं, साहेब, बाशा मादी असते. ते हसले. म्हणाले, "मुली, आधी व्याकरण शीक." ज्या घरात तीन पिढ्या मनगटावर बाशा बसली, त्या घरच्या मुलीला हा माणूस व्याकरण शिकवत होता. मी गप्प बसले. वाटलं, पुढे कुणातरी जाणत्याला विचारतील. इंग्रजी रजिस्टर मी कधी उघडलं नाही. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

शर्वाणी म्हणाली, नुसत्या तोंडी सांगण्यावर साहेब मानणार नाहीत. मग मला अब्बांची एक गोष्ट आठवली आणि मी अंड्यांचं कपाट उघडलं. त्याची कुणी कधी नोंदच केली नव्हती. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून डब्यामागून डबे पाहिले, तेव्हा कुठे ते सापडलं.

मंगळवारी समिती संग्रहालयातच, माझ्या खोलीत बसली; बंगळुरूच्या परीक्षक बाई आल्या होत्या. शर्वाणीने बाशा-बाशीनचं सांगितलं. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, अडाणी पारध्यांच्या बोलीवर विज्ञान चालत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कपाटातून काढलेला पक्षी टेबलावर ठेवला आणि त्यांना विचारलं, हा कितवा? त्यांनी रजिस्टर पाहिलं. एकशे सतरा, नर. अक्षर त्यांचंच. मग मी डबी उघडली. कापसात अंडं, बाजूला आजोबांची चिठ्ठी. मी ती मोठ्याने वाचली: "एकशे सतरा नंबरच्या बाशाने माझ्या घरी, बसायच्या दांडीखाली दिलेलं अंडं."

डबी मी साहेबांच्या पुढ्यात सरकवली. "हे तुमच्या नराचं, साहेब."

परीक्षक बाई तोंडाला रुमाल लावून बराच वेळ हसत होत्या. मग त्यांनी चिठ्ठीचा फोटो घेतला, रजिस्टरच्या पानाचाही घेतला आणि म्हणाल्या, प्रबंध मंजूर. शर्वाणीने माझा हात घट्ट धरला.

इथे संपायला हवं होतं. पण साहेबांनी इंग्रजीत इतिवृत्त लिहिलं आणि कपाटं माझ्या ताब्यात म्हणून सहीसाठी माझ्याकडे दिलं. मी शर्वाणीकडे सरकवलं, म्हटलं वाच. तिने वाचलं: मूळ चिठ्ठ्यांमधील मीरशिकाराच्या चुकीमुळे नर-मादीच्या नोंदी उलटल्या.

म्हणजे चूक बुऱ्हान मियाँची! ज्याने एकही चिठ्ठी चुकीची बांधली नाही, त्याची. मी पेन खाली ठेवलं. माझ्या सहीवाचून काही अडलं नसतं, त्यांनी दुसऱ्या कुणाची घेतली असती. पण उमेदवार म्हणून शर्वाणीची सही लागत होती, आणि तिनेही पेन खाली ठेवलं.

"पोरी, तू कर सही," मी म्हटलं. "तुझी पदवी आहे."

"ही ओळ असेल तर नको मला," ती म्हणाली. "आपा, माझी अडीच वर्षांची मापं बुऱ्हान मियाँच्याच पक्ष्यांची आहेत."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि त्या साहेबांकडे पाहत राहिल्या. शेवटी साहेबांनी ती ओळ खोडली. माझ्याकडे न बघता विचारलं, मग काय लिहू?

मी म्हटलं, "लिहा साहेब, व्याकरणाची चूक. आणि खाली तुमचं नाव."